वैश्विक किरणांची पेटी आणि न लिहिलेला माफीनामा

माझ्या जतच्या प्रवासाविषयी वडूजच्या कचेरीसमोर जे बोलले जाते, त्यातील बहुतांश खोटे आहे. यंत्राची नासधूस करणाऱ्या इसमाची मी बाजू घेतली, मला जीपमधून खाली उतरवले, मी शास्त्राचा अवमान केला, अशा कंड्या माझ्याच व्यवसायबंधूंनी पिकवल्या आहेत. त्यांच्यापैकी एकही जण विट्याच्या पुढे कधी गेलेला नाही. म्हणून आमच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "काहीतरी प्रवासाचे द्या, पण आटोपशीर द्या" असे म्हटले तेव्हा मी त्यांची पहिली विनंती मान्य केली आणि दुसरी फेटाळली. जे घडले ते क्रमाने लिहितो. ज्यास ते खोटे वाटेल त्याने लेखी हरकत घ्यावी. तोंडी हरकतींना मी उत्तर देत नाही.

मी फडतरे, धंद्याने अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारा. माझे शाळेतील शिक्षण सहावीपर्यंतचे. पुढचे सर्व शिक्षण कचेरीच्या दारातील लिंबाखाली, लोकांच्या अडचणींवर झाले. ते कोणत्याही पदवीपेक्षा कमी आहे, असे मला आजवर वाटलेले नाही.

वडूज

चैत्रातील सकाळ होती. मी दौत उघडून बसतो तोच तानाक्का समोर येऊन उभी राहिली. ही खटाव तालुक्यातीलच, धनगर समाजाची, वयाने माझ्यापेक्षा वडील. तिच्या नवऱ्यामागे जमिनीला तिचे नाव लावण्याचा अर्ज मीच लिहिला होता.

"भाऊसाहेब, वारसाचं कागूद तुमीच केलं व्हतं न्हवं माजं?"

"मीच. आणि ते पहिल्या फेरीत मंजूर झाले."

"मग आता माफीचं करा. पर हितं बसून न्हाई व्हायाचं. जतला यावं लागंल."

मी तिला बसवले व हकिकत विचारली. तिचा धाकटा भाऊ धुळा मेंढरे घेऊन दर साल जत तालुक्यात, कानडी मुलखाच्या शिवेकडे जातो. रिकाम्या शेतांत मेंढ्या बसवायच्या, शेताला खत मिळते आणि मेंढ्यांना चारा, असा तो रिवाज. या साली कुरणहट्टी नावाच्या वस्तीजवळच्या माळावर तो असताना आकाशातून एक पेटी छत्रीला लोंबकळत खाली आली. हैदराबादकडून मोठा फुगा सोडतात, त्याला बांधून ती वर गेली होती, हे मागाहून कळले. धुळ्याने ती घोंगडीत गुंडाळून झाडाखाली ठेवली. दोन दिवसांनी जीपमधून साहेब आले व म्हणाले, घोंगडीच्या उष्णतेने यंत्र नासले. माफीनामा लिहून अंगठा दे, नाहीतर पोलिसांत देतो, आणि तोवर येथून हलायचे नाही.

"माळावरचं गवात सपलं," अक्का म्हणाली. "हिरीत चिखूल हाय निस्ता. मेंढरं दगडं चाटाय लागल्यात. सायब म्हनतो, चांगल्या मराठीत लिवून आना, मला दिल्लीपतूर धाडायचंय."

"जतेस लिहिणारे नाहीत काय?"

"हायत की. पर त्ये सायब सांगंल त्येच लिवत्यात. तुमी म्हनं सायबालाबी दोन शब्द शिकीवता. समदी तसंच म्हनत्यात."

लोक हे कौतुकाने म्हणतात की कसे, याची मी चौकशी केली नाही. टाक, टीपकागद व शाईची नवी बाटली पिशवीत घातली आणि निघालो. त्या वेळी माझा उद्देश एकच होता. जो वाचून साहेबाने स्वतःच संकोचावे, असा माफीनामा लिहायचा.

सांगलीमार्गे

विट्यापर्यंत एसटीत उभे राहावे लागले. अक्काला जागा मिळाली, कारण तिने ती मागितली नाही, घेतली. विट्याहून सांगलीच्या गाडीत आम्ही दोघेही बसलो. तासगाव मागे पडल्यावर ऊस दिसू लागला. आमच्या खटावात हिरवे म्हणजे लिंब आणि बाभळी. येथे रस्त्याच्या दोन्ही कडांना पाण्याचे पाट वाहत होते आणि लोक त्यांत पाय धुऊन वहाणा घालत होते. अक्का बराच वेळ ते पाहत राहिली.

"ह्येंच्या पायाला पानी हाय," ती म्हणाली, "आन आमच्या मेंढरांच्या तोंडाला न्हाई."

सांगलीच्या स्थानकावर आम्ही भडंग खाल्ले. लसूण भरपूर, तिखट चोख. त्याच ठिकाणी माझी पहिली अडचण झाली. पिशवीतील शाईची बाटली सुटली आणि माझ्या धोतराच्या सोग्यापासून गुडघ्यापर्यंत निळा डाग उमटला. नळावर धुतल्याने तो फक्त पसरला. दुसरे धोतर होते, पण ते प्रतिष्ठेच्या प्रसंगासाठी घडी घातलेले. मी विचार केला की, कासाराच्या अंगाला काचेचे तुकडे लागतात, लोहाराच्या हाताला काजळी लागते, मग लेखकाने शाईची लाज का बाळगावी. त्याच धोतराने पुढे गेलो.

मिरजेनंतर ऊस विरळ झाला. कवठेमहांकाळ ओलांडल्यावर जमीन उघडी पडली. दगड, खुरटी बाभूळ, मधूनच पाण्याचा टँकर आणि त्यामागे हंडे घेऊन धावणारी माणसे. गाडीतील बोलणेही बदलले. मागच्या बाकावरचे दोघे मराठीत भांडण सुरू करून कानडीत संपवत होते. दुष्काळ सरला असे आमच्याकडे वर्तमानपत्रात वाचले होते. ते वर्तमानपत्र या रस्त्याने आलेले नसावे.

कुरणहट्टीस पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. पोलीसपाटलाच्या घरी आमची सोय झाली. पाटलीणबाई "कुंडरी, कुंडरी" म्हणत राहिल्या आणि मी उभाच. शेवटी अक्काने माझा हात धरून मला खाली बसवले व "बसा म्हनत्यात त्या" असे सांगितले. जेवणात ज्वारीची कडक भाकरी होती, पापडासारखी मोडणारी, शेंगांची चटणी आणि दही. आमच्याकडे भाकरी वाफाळलेली हवी, शिळी देणे म्हणजे पाहुण्याचा अपमान. येथे मुद्दाम वाळवतात आणि तीच मानाने वाढतात. मी तिसरी मागून घेतली. चांगल्या गोष्टीपुढे मी अडून बसत नाही.

माळावर

सकाळी आम्ही माळावर गेलो. एका बाजूस धुळ्याचे वाघूर, म्हणजे मेंढ्या कोंडण्याचे जाळे, आणि त्यात अंग चोरून उभा कळप. दुसऱ्या बाजूस कापडी तंबू, जीप आणि घडीचे टेबल. टेबलापाशी कामत नावाचे साहेब बसले होते. पेटीमध्ये जे मोजणीयंत्र होते ते यांच्याच देखरेखीखाली तयार झाले होते. त्यांच्या शेजारी डॉक्टर सबनीस नावाच्या तरुण शास्त्रज्ञबाई पेटीच्या कडांवरून ओले फडके फिरवत होत्या. पेटी पिवळीधमक झाली होती.

"हे काय?" मी धुळ्याला विचारले.

"भंडारा," धुळा म्हणाला. हा चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. "आभाळातनं आली, मग भंडारा नगं व्हय?"

"आणि घोंगडी?"

"उतरली तवा अंगावर पांढरं आलं व्हतं, बर्फावानी. हात लावला तर गारव्यानं चटका बसला. आन आतनं टिक टिक. म्या म्हनलं, जीव हाय ह्यात. पावसात कोकरू गारठलं तर काय करतो आपन? सावलीत न्यायाचं, झाकायचं, ऊब द्यायाची. तेवडंच केलं."

"दूद पाजलं न्हाईस ही किरपा," अक्का म्हणाली.

"तोंड गावलं न्हाई त्येला," धुळा गंभीरपणे म्हणाला.

बाई हसल्या. कामतसाहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्या धोतराकडे पाहिले.

"तुम्हीच का ते लिहिणारे? कागदापेक्षा कपड्यावर जास्त लिहिता वाटतं."

"कपड्यावरचे नामंजूर होत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मजकूर सांगण्यास सुरुवात केली. 'मी धुळा, अज्ञानाने व निष्काळजीपणाने सदर पेटीस लोकरीत गुंडाळून उष्णता दिली, त्यामुळे आतील पत्रे निरुपयोगी झाले, याबद्दल मी क्षमा मागतो.' इतके सांगून त्यांनी शाईची गादी उघडून टेबलावर ठेवली, जणू लिहिणे ही वाटेतील किरकोळ बाब.

मी टाक खाली ठेवला. "साहेब, माझा एक नियम आहे. ज्या गोष्टीची माफी मागायची, ती गोष्ट समजल्याशिवाय मी माफीनामा लिहीत नाही."

"तुम्हाला समजण्यासारखं नाही ते."

"मग त्याला तरी कसे समजले असेल? आणि न समजलेल्याची माफी कशी मागता येईल?"

कामतसाहेब रागावले, परंतु बाईंनी फडके बाजूस ठेवले. "मी सांगते," त्या म्हणाल्या. त्यांनी सांगितले ते मी माझ्या शब्दांत देतो. वाचकांपैकी शिकलेल्यांनी त्यात चूक काढावी, पण सौम्य शब्दांत काढावी.

सूर्याच्याही पलीकडून, कोठून ते अद्याप पुरते ठाऊक नाही, अतिशय वेगाने सूक्ष्म कण पृथ्वीवर येतात. त्यांना वैश्विक किरण म्हणतात. हवेचा जाड थर त्यांतील पुष्कळांना अडवतो, म्हणून त्यांना मूळ रूपात गाठायचे तर हवेच्या वर जावे लागते. पुढेमागे हेच यंत्र कृत्रिम उपग्रहातून अवकाशात न्यायचे आहे. तत्पूर्वी ते फुग्याने वर पाठवून त्याची परीक्षा घ्यायची, असा हा प्रयोग होता. पेटीत मोजणीचे दोन मार्ग होते. एक कामतसाहेबांचे विजेवर चालणारे मोजणीयंत्र, जे कण येताच त्याची नोंद घेऊन रेडिओने खाली कळवते. दुसरा, बाईंनी रचलेली प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांची चळत. कण त्यांतून आरपार जातो तेव्हा डोळ्यांस न दिसणारी जखम करून जातो. पत्रे औषधात धुतले की त्या जखमा उमटतात व मोजता येतात. दोन्ही मोजण्या जुळल्या तर यंत्र विश्वासू. न जुळल्या तर कोणीतरी खोटे बोलते आहे.

"ते आत्ताही येताहेत?" मी विचारले.

"आत्ताही. तुमच्या माझ्या अंगातून जाताहेत. वरून खाली येईपर्यंत त्यांचं रूप बदलतं, पण जाताहेत."

मी छातीवर हात ठेवला. कामतसाहेब हसले. मी हात काढला नाही.

"मग घोंगडीने काय बिघडले?"

"पत्र्यांना उष्णता लागली तर त्या जखमा भरून येतात," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला. "मग पत्रे धुऊन उपयोग नाही. जे निघेल त्यावर भरवसा ठेवता येत नाही. तीन वर्षांचं काम आहे हो माझं. पण लोकरीत गुंडाळल्यावर, या उन्हात, आत काय उरणार?"

"आणि मोजणीयंत्राने काय कळवले?"

बाईंनी कामतसाहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, "आकडे थोडे कमी आले. त्याचा याच्याशी संबंध नाही."

संबंध काय तो माझ्या ध्यानी आला. असले संबंध शोधणे हाच माझा धंदा आहे. वरून यंत्राने आकडे कमी कळवले. कण खरोखरच कमी आले की यंत्राने काही गाळले, हे सांगणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे ही पत्र्यांची चळत. आणि साक्षीदाराची जबानी घेण्याआधीच तो भ्रमिष्ट झाल्याचा दाखला हवा होता. त्या दाखल्यावर अंगठा धुळ्याचा. दिल्लीत कोणी विचारले तर उत्तर तयार, यंत्र उत्तम होते, धनगराने घात केला.

हे मी बोललो नाही. पुराव्याशिवाय आरोप करणे नवशिक्याचे लक्षण आहे. मी एवढेच म्हणालो, "दिल्लीस जाणारा कागद या चुरगळलेल्या तावावर शोभणार नाही. जतेहून चांगला कागद आणतो. उद्या लिहू."

"उद्या?" धुळा म्हणाला. तो वाघुराकडे पाहत होता. "भाऊसाहेब, द्या की लिवून कायबी. अंगठाच हाय, तुटतोय थोडाच."

"तुझ्यामागे तुझी मुले याच माळावर येणार," मी म्हणालो. "दर साली पाटील पुसेल, हा तोच ना, यंत्र मोडणारा. त्याची मेंढरे कोण शेतात बसवून घेईल?"

अक्का म्हणाली, "ऐक रं त्येंचं. एक दीस काढ. पाटलाच्या हिरीतनं आनू दोन घागरी."

जतचा बाजार

कबूल करतो की जतेकडे निघालो तेव्हा माझ्यापाशी कागद आणण्याखेरीज दुसरा विचार नव्हता. वेळ काढायचा होता, तो काढत होतो. बाजारात कागद घेतल्यावर घसा इतका कोरडा पडला होता की समोर पहिले दुकान दिसले त्यात शिरलो. ते अमीनभाईंचे सोडावॉटरचे दुकान होते. गृहस्थ वृद्ध, डोक्याला पांढरी टोपी, बोलणे मऊ.

"बसा साहेब. लिंबू-सोडा देतो. बर्फ घालू?"

"या मुलखात बर्फ?"

"मिरजेहून येतो गाडीवर. दुपारची गाडी चुकली तरी उद्यापर्यंत पुरवतो मी."

असे म्हणून ते दुकानाच्या मागील बाजूस वाकले आणि त्यांनी एका ढिगावरून जाड काळे घोंगडे उचलले. खाली गोणपाट, गोणपाटाखाली बर्फाची लादी. हातोडीने एक तुकडा फोडला आणि घोंगडे पुन्हा नीट चारी बाजूंनी दाबून बसवले.

मी सोडा हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

"अमीनभाई, घोंगडे ऊब देते ना? मग बर्फ वितळत कसा नाही?"

"घोंगडं काय देतं साहेब?" ते म्हणाले. "त्याच्यापाशी काय आहे द्यायला? ते फक्त कुणाला आत येऊ देत नाही. माणसाच्या अंगावर टाका, थंडी बाहेर. बर्फावर टाका, ऊन बाहेर. हे धनगरांकडूनच घेतलंय मी. पण ते बिचारे बर्फ कुठे विकतात."

वडूजमध्ये मी हा प्रसंग सांगतो तेव्हा लोक म्हणतात, एवढे तर आम्हालाही ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. साताऱ्याच्या रस्त्यावर कुल्फीवाल्याची गोणपाटात गुंडाळलेली बरणी मी शंभर वेळा पाहिली आहे. बाईंनाही ठाऊक असलेच पाहिजे. परंतु माळावर सर्वांच्या तोंडी 'ऊब' हा शब्द होता. धुळ्याने तो मायेने म्हटला, साहेबांनी आरोप म्हणून म्हटला आणि आम्ही सगळे त्यामागे चालत गेलो. धुळ्याने पेटीला ऊब द्यावी म्हणून जे केले, त्याने पेटीचा गारवा राखला होता, निदान ऊन तरी अडवले होते. त्याची चूक हीच त्याची निरपराधता होती आणि ती त्याला स्वतःला ठाऊक नव्हती.

"या लादीतला अर्धा बर्फ मला उद्या सकाळी हवा," मी म्हणालो.

"सरबत करता?"

"नाही. कामकाज चालवायचे आहे."

अमीनभाईंनी अर्धी लादी माझ्यासाठी राखून ठेवली. सकाळी आपल्या पुतण्याच्या टेंपोने त्यांनी मला बर्फासह माळावर पोहोचवले.

बर्फ

कामतसाहेब दाढी करीत होते. मी त्यांना विचारले, "लोकरीत गुंडाळलेली गार वस्तू उन्हात लवकर तापते, असे आपले म्हणणे आहे?"

"अर्थात."

"आपण हे सर्वांसमक्ष म्हणता?"

"अहो फडतरे, हे पोरखेळ कशाला? म्हणतो मी. सर्वांसमक्ष."

पोलीसपाटील हजर होते, वस्तीवरील आठदहा माणसे होती. मी लादीचे दोन सारखे तुकडे फोडले. एक उघड्या दगडावर ठेवला. दुसरा, ज्या घोंगडीत पेटी होती त्याच घोंगडीत, धुळ्याच्या हातून, त्या दिवशी पेटी बांधली होती तसाच बांधून शेजारच्या दगडावर ठेवला. सावली दोघांनाही नाही. बाई फडके टाकून जवळ आल्या आणि दगडापाशीच बसल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती. मला वाटते त्या क्षणीच त्यांना सर्व उमगले असावे, पण त्या तशाच दगडापाशी बसून राहिल्या. जो मनुष्य निष्कर्ष माहीत असूनही प्रयोग पुरा होऊ देतो, त्याला मी विद्वान समजतो.

ऊन चढत गेले. उघड्या दगडावरचे पाणी ओघळून मातीत जिरू लागले तशी वाघुरातील एक मेंढी जाळ्याखालून मान बाहेर काढून तो दगड चाटू लागली. कोणी तिला हाकलले नाही. दगड कोरडा झाला तरी ती चाटत राहिली.

"आता सोड," मी धुळ्याला म्हणालो.

त्याने गाठ सोडली. घोंगडी आतून ओली होती. मधोमध बर्फ होता, कोपरे झिजलेला, परंतु दोन मुठींत न मावणारा. अक्काने त्याचा कपचा मोडून तोंडात टाकला.

"सायब, खातायसा? गार हाय अजून."

लोक हसले. कामतसाहेबांचा चेहरा लाल झाला. "बर्फ म्हणजे उपकरण नव्हे. याने काहीही सिद्ध होत नाही."

"पत्रे थंड राहिले असं सिद्ध होत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "पण घोंगडीने ते तापवले, हेही आता म्हणता येणार नाही. उघड्यावर ती पेटी पडून राहिली असती ना, तर नक्की तापली असती. सर, पत्रे धुऊन बघायला हवेत."

"ते मी ठरवीन. फडतरे, कागद आणला आहे ना? लिहा. धुळा, इकडे ये."

त्यांनी गादी पुढे सरकवली. धुळा टेबलापाशी आला. त्याने अंगठा वर धरला आणि माझ्याकडे पाहिले. त्याच्या पाठीमागे कळप ओरडत होता. तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याने वडूजच्या लिंबाखाली बसून माझ्यावर टीका करू नये.

"अंगठा तुझा आहे धुळा," मी म्हणालो. "पण वर मजकूर नाही. मी तो लिहिणार नाही."

"तुम्ही कोण ठरवणार?" कामतसाहेब म्हणाले. "तुम्हाला लिहायला बोलावलंय."

"होय. आणि लिहिणारा नसेल तर लिहिले जात नाही, एवढाच माझा अधिकार. तो मी बजावतो आहे."

"मी तुमच्याविरुद्ध तक्रार करीन. सरकारी कामात अडथळा. नाव काय तुमचं पूर्ण?"

"गणपत रामजी फडतरे, धंदा अर्जनवीस, राहणार वडूज, तालुका खटाव, जिल्हा सातारा. पण साहेब, तक्रार मराठीत द्यावी लागेल, पाटलांकडे. आपणास कचेरीची मराठी लिहिणे जमत नाही म्हणून तर मला बोलावले. काही हरकत नाही. माझ्याविरुद्धची तक्रार मी लिहून देतो. माझ्याइतकी पक्की दुसरा कोणी लिहिणार नाही."

असे म्हणून मी बसलो आणि जतेहून आणलेल्या त्या कागदावर लिहिले. आयुष्यात इतके स्वच्छ अक्षर मी काढलेले नाही. तक्रारदार कामत यांची तक्रार अशी की, धुळा नामक मेंढपाळाने आकाशातून उतरलेली गार पेटी सावलीत नेऊन घोंगडीत राखली. तक्रारदार यांनी घोंगडीने उष्णता वाढते असे सर्वांसमक्ष सांगितले. त्याच घोंगडीत बांधलेला बर्फ शिल्लक राहिला व उघडा बर्फ संपला, हे तक्रारदार यांनी समक्ष पाहिले. वरील सर्व पाहूनही तक्रारदार यांनी पत्रे न धुता, न तपासता सदर मेंढपाळाकडून माफीनामा मागितला. तो लिहून देण्यास अर्जनवीस गणपत रामजी फडतरे याने साफ नकार दिला. सबब त्याच्यावर कारवाई व्हावी.

मी ते मोठ्याने वाचून दाखवले आणि टाक साहेबांपुढे धरला. "यात एकही शब्द खोटा असल्यास दाखवावा. नसल्यास सही करावी."

त्यांनी तो कागद घेऊन पुन्हा वाचला. सही केली तर माझ्यावर कारवाई होणार, पण त्याबरोबर बर्फही दिल्लीपर्यंत जाणार. न केली तर तक्रारच नाही. पोलीसपाटील कानडीत काहीतरी पुटपुटले आणि माणसांत हशा पिकला. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

"मी नाही सही करणार यावर," कामतसाहेब म्हणाले.

"मी करते," बाई म्हणाल्या. त्या उठून आल्या. "साक्षीदार म्हणून. प्रयोग माझ्यासमोर झाला." त्यांनी माझ्या हातून टाक घेतला आणि सही केली. नोकरी त्यांचीही होती. "याची एक प्रत मला द्या, फडतरे. पत्र्यांबरोबर लावते. आता ते धुतल्याशिवाय कुणाला टाकता येणार नाहीत."

"तो कुठं चालला?" कामतसाहेब एकदम म्हणाले.

आम्ही वळून पाहिले. कागदाचे चालू असतानाच धुळ्याने वाघूर उपटून घोड्यावर लादले होते. कुत्री पुढे झाली होती आणि कळप माळ उतरून रस्त्याकडे, पाण्याच्या दिशेने निघाला होता. ओली घोंगडी त्याने खांद्यावर टाकली होती.

"थांबवा त्याला."

"थांबवण्याचा लेखी हुकूम असल्यास दाखवावा," मी म्हणालो. "नसल्यास तोही लिहून देतो. सहीचे मात्र आपण पाहा."

अक्का भावामागे निघून गेली. जाताना म्हणाली, "भाऊसाहेब, तुमच्यापायी सायबाचं त्वांड बगाय मिळालं. येते." माझ्या विद्वत्तेविषयी ती काही बोलली नाही. त्या बाजूचे कौतुक करण्याची तिच्या घराण्यात रीत नसावी. जीपमध्ये मला कोणी बसवलेच नव्हते, त्यामुळे उतरवण्याचा प्रश्नच नव्हता. मी चालत रस्त्यापर्यंत आलो आणि जतेची गाडी पकडली.

ते पत्रे धुतल्यावर काय निघाले, हे मला आजतागायत कळलेले नाही. कामतसाहेबांचे यंत्र खरे ठरले असेल, खोटे ठरले असेल. उपग्रहात ते बसेल किंवा भंगारात जाईल. ते कण माझ्यातून, साहेबांतून आणि हे वाचणाऱ्यांतून आजही जात आहेत आणि कोणाची परवानगी घेत नाहीत. त्यांचा हिशेब ज्यांनी लावायचा त्यांनी लावावा. धुळ्याचा अंगठा कोरा आहे.